नांदेडचें हुजूरसाहेब : क्षेत्राचा धनी कोण?

महाराष्ट्रांतील क्षेत्रांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक इतिहास क्षेत्राची स्थापना कशी झाली येथून आरंभ करून देऊळ कोणीं बांधलें येथें संपतात. बांधलेलें देऊळ पुढें दोनशें वर्षें टिकलें कसें, त्यांतील दिव्यास तेल कोणीं घातलें, गळणाऱ्या छपराकडे कोणीं पाहिलें, दारीं आलेल्या यात्रेकरूस जेवूं कोणीं घातलें, आणि या सर्व खर्चाचा हिशेब कोणीं कोणास दिला, हे प्रश्न इतिहासकारास किरकोळ वाटतात. क्षेत्राचें आयुष्य मात्र याच प्रश्नांवर अवलंबून असतें. संस्थापक एकदां येऊन जातो, बांधणारा पैका देऊन मोकळा होतो. निगा राखणारास रोज पहाटे उठावें लागतें.

या दृष्टीनें पाहण्याजोगें एक मोठें क्षेत्र आपल्याच मुलुखांत असून मराठी वाचकास त्याची ओळख फार थोडी आहे. तें म्हणजे गोदावरीच्या उत्तर तीरावर नांदेड येथें असलेलें शिखांचें तख्त सचखंड श्रीहुजूर अबचलनगर साहेब. शीख पंथांत अधिकाराचीं पीठें पांच मानितात व त्यांस तख्त म्हणतात. अमृतसर, आनंदपूर आणि तलवंडी साबो येथील तीन तख्तें पंजाबांत आहेत. चौथें बिहारांत पाटण्यास आणि पांचवें आपल्या मराठवाड्यांत आहे. पुण्याजवळच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचें खरोखर कारण नाहीं. १९४७ च्या फाळणीनंतर पिंपरीस निर्वासितांची छावणी वसली. तींत आलेल्या सिंधी समाजांत गुरु नानकांस मानणारीं कुटुंबें पुष्कळ होतीं. पुढें पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने निघत गेले, तसतशी पंजाबांतील कारागिरांची व मालमोटारी चालविणारांची वस्तीही या पट्ट्यांत वाढली. देहू आणि आळंदी यांच्या मधोमध राहणाऱ्या या शेजाऱ्यांची महाराष्ट्रांतील मोठी यात्रा नांदेडची असते, हें आपल्या लक्षांत क्वचितच येतें.

नांदेडशीं शीख पंथाचा संबंध कसा जडला हें समजण्यास इ. स. १७०७ सालाकडे वळलें पाहिजे. त्या वर्षीं औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला आणि त्याच्या मुलांत राज्यासाठीं झगडा जुंपला. याच गडबडींत शाहूची सुटका झाली आणि १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास त्याचा राज्याभिषेक झाला, हें मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्याच सुमारास उत्तरेंत शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग हे नव्या बादशहास, म्हणजे बहादुरशहास, आग्र्यास भेटले. गुरूंचे वडील तेगबहादुर यांचा १६७५ मध्यें दिल्लीस शिरच्छेद झाला होता. १६९९ मध्यें आनंदपुरास त्यांनीं खालसा पंथाची स्थापना केली. आणि पुढें मोंगलांशीं झालेल्या झगड्यांत त्यांचे चारही पुत्र मारले गेले. त्यांतील दोघे धाकटे तर अजाण बालकें होतीं व सरहिंदचा अधिकारी वजीरखान याच्या हुकमानें त्यांचा वध झाला होता. या जुलमाची दाद नवा बादशहा घेईल अशी गुरूंस आशा होती, असें बहुतेक शीख इतिहासकार मानितात. बहादुरशहाचा भाऊ कामबक्ष हैदराबादेस स्वतंत्र होऊन बसला होता; त्याच्यावर बादशाही लष्कर निघालें आणि गुरुही त्याच वाटेनें दक्षिणेंत उतरले. दाद कांहीं मिळाली नाहीं. १७०८ मध्यें नांदेडास आल्यावर बादशहा पुढें गेला व गुरु गोदातीरीं राहिले.

नांदेडास त्यांच्या हातून दोन गोष्टी घडल्या व त्या दोहोंनींही पंजाबचा इतिहास बदलला. गोदावरीच्या कांठीं माधोदास नांवाचा एक बैरागी मठ करून राहत असे. गुरूंची व त्याची भेट झाली, तो त्यांचा शिष्य झाला, आणि गुरूंनीं आपले हुकूमनामे व थोडे शीख बरोबर देऊन त्यास पंजाबांत रवाना केलें. हाच बंदा बहादुर होय. १७१० च्या मे महिन्यांत चप्परचिडीच्या लढाईंत त्यानें वजीरखानास ठार करून सरहिंद घेतलें. १७१६ मध्यें दिल्लीस हालहाल करून त्यास मारण्यांत आलें. म्हणजे मोंगलांची पंजाबांतील सत्ता ज्या मोहिमेनें मुळापासून हादरली, ती मोहीम आपल्या गोदेच्या वाळवंटांतून निघाली होती.

दुसरी गोष्ट याहून खोल परिणामाची आहे. एका पठाणानें गुरूंच्या मुक्कामीं शिरून त्यांस कट्यारीनें जखमी केलें. जखम शिवली गेली व भरूंही लागली. परंतु एक भारी धनुष्य ओढीत असतां ती पुन्हां उलली, असें परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यापूर्वीं त्यांनीं आपल्यामागें देहधारी गुरु होणें नाहीं, ग्रंथ हाच गुरु, असा निर्णय दिला. आपल्या वारकरी वाचकांस येथें एक आठवण द्यावीशी वाटते. ज्या ग्रंथास हा मान मिळाला त्यांत आपल्या नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत, आणि नामदेवांच्या वास्तव्यानें पावन मानलेल्या पंजाबांतील घुमान गांवीं २०१५ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलें होतें. नामदेव महाराष्ट्रांतून पंजाबांत गेले आणि गुरु गोविंदसिंग पंजाबांतून महाराष्ट्रांत आले. त्या दोघांची गांठ ग्रंथांत पडली आणि त्या ग्रंथास गादी मिळाली ती नांदेडास.

या निर्णयाचा क्षेत्राच्या व्यवस्थेशीं निकट संबंध आहे. आपल्याकडे एखाद्या सत्पुरुषाची समाधि झाली म्हणजे बहुधा त्याच्या वंशाकडे किंवा शिष्यशाखेकडे गादी जाते, गादीबरोबर इनामें येतात व इनामांबरोबर वारसाचे तंटे येतात. नांदेडास गादीच ग्रंथाकडे गेली. ग्रंथास पुत्र नाहीं, भाऊबंद नाहींत, दत्तकाचा प्रश्न नाहीं. त्यामुळें या क्षेत्राचा धनी आरंभापासूनच कोणी एक माणूस होऊं शकला नाहीं. मग त्याचें चाललें कसें? परंपरा असें सांगते कीं, गुरूंबरोबर आलेले बहुतेक शीख पंजाबास परत जाण्यास निघाले, तेव्हां संतोखसिंग नांवाच्या शिष्यास गुरूंनीं येथेंच राहून लंगर चालू ठेवण्याची आज्ञा केली. लंगर म्हणजे येईल त्यास जात न पुसतां एका पंक्तीस बसवून जेवूं घालणारें गुरूचें स्वयंपाकघर. इमारत बांध, जमीन मिळव, असें त्यास सांगितल्याची कथा नाहीं. चूल विझूं देऊं नको एवढीच आज्ञा. नांदेडच्या क्षेत्राचा पहिला कारभारी हा एक आचारी होता असें म्हटलें तरी चालेल.

अठराव्या शतकांतील पुढचीं वर्षें या स्थळास अनुकूल नव्हतीं. पंजाबांत शिखांचा पाठलाग चालू होता. इकडे १७२४ नंतर नांदेड निजामाच्या अंमलाखालीं गेलें व त्या मुलुखांत मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजा वरचेवर फिरत राहिल्या. अमृतसराहून नांदेडास यावयाचें म्हणजे पायीं किंवा गाडीनें कित्येक आठवड्यांचा प्रवास, आणि तोही अनेक सत्तांच्या नाक्यांतून. अशा काळीं जेथें गुरूंचा अंत्यविधि झाला त्या जागेवर, म्हणजे अंगीठ्यावर, मूठभर माणसांनीं पूजाअर्चा चालविली. या लोकांचीं नांवें इतिहासानें जपलीं नाहींत. परंतु त्यांनीं जागा सोडली असती तर पुढें मंदिर बांधण्यास जागाच कोणास दाखवितां आली नसती.

मंदिर बांधलें तें महाराजा रणजितसिंगानें. आज दिसणारी मुख्य इमारत १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिली. तिचा घाट अमृतसरच्या हरिमंदिराच्या धर्तीवर असून कळस व घुमट सोन्याच्या पत्र्यानें मढविलेला आहे. आंत अंगीठ्याचा गाभारा असून तेथें गुरूंचीं शस्त्रें ठेविलेलीं आहेत. लाहोरच्या राजानें हैदराबादच्या राज्यांत एवढें काम कसें करविलें, हा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर दोन दरबारांच्या स्नेहांत आहे. निजामाकडून आलेलें एक जडावाचें छत रणजितसिंगानें स्वतः न वापरतां अमृतसरच्या हरिमंदिरास अर्पण केलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शिवाय त्या वेळीं निजामाच्या राज्याचा कारभार राजा चंदुलाल याच्या हातीं होता. तो जातीनें खत्री होता व १८०६ पासून पेशकार आणि १८३३ ते १८४३ पर्यंत दिवाण म्हणून हैदराबादेंत त्याचा शब्द चालत असे. राज्याच्या खजिन्याची त्यानें केलेली दुर्दशा कोणीही नाकारीत नाहीं. परंतु नांदेडच्या कामास त्याचें साहाय्य झालें हेंही तितकेंच खरें.

याच काळांत पंजाबांतून शीख शिपायांचीं पथकें हैदराबादेस आलीं. तीं लाहोरी फौज म्हणून ओळखलीं गेलीं. मंदिराच्या कामासाठीं कारागीर व मजूर आले तेही सर्वच परत गेले नाहींत. या लोकांनीं नांदेडास, हैदराबादेस व आसपास घरें केलीं, आणि त्यांच्यापासून दखनी शिखांचा समाज तयार झाला. त्यांच्या घरांत आज पांच-सहा पिढ्यांनंतर पंजाबी प्रार्थना, दखनी हिंदी बोलणें आणि बाजारांतील मराठी किंवा तेलुगु हीं सुखानें एकत्र नांदतात. रणजितसिंगाच्या नांवाबरोबर सर्वांस सोनें आठवतें. परंतु त्याच्या काळीं लाहोराहून नांदेडकडे दोन वस्तु आल्या, सोनें आणि माणसें; आणि क्षेत्राच्या हिशेबांत माणसांची किंमत अधिक धरावी लागते, हें पुढच्याच इतिहासानें दाखविलें.

या ठिकाणीं शीख परंपरेंतील एक विलक्षण आख्यायिका सांगितली पाहिजे. आपल्या नांवें कोणीं स्मारक बांधूं नये, जो बांधील त्याचा वंश राहणार नाहीं, असें गुरूंनीं सांगून ठेविलें होतें. आणि रणजितसिंगानें ती आज्ञा मोडून मंदिर उभारलें, अशी ती कथा आहे. तिची सत्यता तपासण्याचें साधन आपणांपाशीं नाहीं. बहुधा लाहोरच्या राज्याचा शेवट पाहूनच ती रूढ झाली असावी. १८३९ मध्यें रणजितसिंग वारला, पुढील चार-पांच वर्षांत त्याचे वारस एकामागून एक मारले गेले, आणि १८४९ मध्यें इंग्रजांनीं पंजाब खालसा केला. मंदिर पुरें होऊन पुरतीं बारा वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच त्याचा दाता नाहींसा झाला. राजाश्रयावर जगणारें क्षेत्र असतें तर तें तेथेंच ओस पडलें असतें. तें पडलें नाहीं. कारण माणसें तेथेंच होतीं व चूल पेटत होती.

याच्या उलट उदाहरण पाहावयास पुणेकर वाचकांस दूर जावयास नको. चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावींची समाधि आहे. तिच्यावरील मंदिर १६५८-५९ मधील आहे. मोरयांच्या वंशजांस देव मानून सात पिढ्या त्यांची पूजा झाली, आणि मोंगल बादशहापासून छत्रपति व पेशवे यांच्यापर्यंत सर्वांनीं या संस्थानास गांवें व सनदा दिल्या. १८१० च्या सुमारास मूळ वंश खुंटला. तेव्हां इनामें बुडूं नयेत म्हणून पुजाऱ्यांनीं एका दूरच्या नातलगास गादीवर आणिलें, असें इंग्रजी अमदानींतील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत नमूद केलेलें आहे. यांत चिंचवडच्या क्षेत्राची निंदा करण्याचा हेतु नाहीं. तेथील उत्सव व मोरगांवची वारी आजही श्रद्धेनें चालते आणि विश्वस्तमंडळ तिची व्यवस्था पाहतें. परंतु क्षेत्र इनामावर उभें असलें म्हणजे इनाम राखण्यासाठीं वंश राखावा लागतो, आणि वंश नसला तर तो शोधावा लागतो, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते. नांदेडलाही निजामाच्या राज्यांत जहागिरीचा लाभ झाला. पण तेथें गादीवर बसविण्यास कोणी नातलग लागत नव्हता.

आतां तेथील नित्यक्रमाकडे वळूं. कारण निगेचें खरें स्वरूप त्यांतच दिसतें. रोज पहाटे एक सेवेकरी गोदावरीवर जातो, गागर भरून आणितो आणि त्या पाण्यानें गाभाऱ्याची धुणावळ होते. पावसाळ्यांत नदी दुथडी भरलेली असो कीं उन्हाळ्यांत तिची नुसती ओढ उरलेली असो, गागर चुकत नाहीं. मग पाठ, कीर्तन, आरती. रात्रीं पुन्हां पाठ. मुख्य जथेदार हा आजन्म ब्रह्मचारी असावा व त्यानें कडक नियमानें राहावें, असा येथील दंडक आहे. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतें. त्या वेळीं गाभारा, भिंती आणि गुरूंचीं शस्त्रें गोदेच्या पाण्यानें धुऊन पुसून स्वच्छ करितात व लहानथोर सर्व भाविक त्या कामास हात लावितात. दसऱ्यास व होळीस हल्ला महल्ला निघतो. निशाणें, घोडे आणि नंग्या तरवारी घेऊन मिरवणूक धावून जाते. आपल्या शस्त्रपूजेशीं आणि सीमोल्लंघनाशीं त्याचें साम्य पाहून मराठी मनुष्यास मोठें कौतुक वाटतें.

या रीति पंजाबांतील आजच्या रीतींहून कांहीं बाबतींत भिन्न आहेत. तेथें आदिग्रंथाशेजारींच दशमग्रंथाचीही स्थापना असते. आरती, चंदनाचा टिळा, शस्त्रांची पूजा, हे प्रकार पंजाबच्या सुधारकांस जुनाट वाटत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पंजाबांत शीख धर्माच्या शुद्धीकरणाची चळवळ झाली, गुरुद्वारे महंतांच्या ताब्यांतून सोडविण्यासाठीं १९२० नंतर मोठा लढा झाला, आणि १९२५ मध्यें कायदा होऊन तेथील गुरुद्वारे शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या हातीं आले. नांदेड निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो कायदा येथें लागू झाला नाहीं. त्याचा परिणाम असा कीं, पंजाबांत ज्या जुन्या चाली बदलल्या त्यांतील कित्येक येथें टिकून राहिल्या. पंजाबपासून दूर असल्यामुळेंच पंजाबची जुनी रीत नांदेडास पाहावयास मिळते, हा इतिहासाचा एक चमत्कारच होय.

हें दूरपण हळूहळू कमी झालें. १९०० मध्यें निजामाच्या राज्यांतून मनमाडपर्यंत गोदाखोऱ्याची आगगाडी सुरू झाली व यात्रेकरूंचा आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचें राज्य संपलें. आणि मग १९५६ सालीं या क्षेत्राच्या इतिहासांतील तिसरा मोठा टप्पा आला. गुरूंची आज्ञा हा पहिला, राजाचें सोनें हा दुसरा, आणि विधिमंडळाचा कायदा हा तिसरा. हैदराबादच्या विधानसभेनें त्या वर्षीं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार प्रांतरचना होऊन हैदराबादचें राज्यच नष्ट झालें. मरणाच्या दारीं असलेल्या राज्यानें लिहून ठेविलेल्या या मृत्युपत्राप्रमाणें क्षेत्राचा कारभार प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० नंतर महाराष्ट्रांत चालत आला आहे.

त्या कायद्यानें सतरा सभासदांचें मंडळ व त्याखालीं एक कार्यकारी समिति नेमली. या सतरांत पंजाबच्या शिरोमणि समितीचे प्रतिनिधि, संसदेंतील शीख सभासद, नांदेडच्या हुजुरी खालसा दिवाणाचे प्रतिनिधि आणि मराठवाड्यांतील शिखांनीं निवडून दिलेले सभासद, अशा अनेकांस जागा दिल्या. धनी कोणीच नसलेल्या क्षेत्राचे कारभारी अनेक असावेत, हा त्यांतील विचार समंजस होता. परंतु तोल राखणें कठीण असतें. २०१५ मध्यें कायद्याच्या अकराव्या कलमांत फेरफार होऊन मंडळाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारकडे गेला व तेव्हांपासून स्थानिक शिखांची तक्रार चालू झाली. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत सतरांपैकीं बारा सभासद सरकारनें नेमावेत अशा आशयाच्या विधेयकास राज्याच्या मंत्रिमंडळानें मान्यता दिली. तेव्हां नांदेडापासून अमृतसरापर्यंत विरोध उठला आणि तें विधेयक पुढें आणणें तहकूब करावें लागलें.

हा वाद केवळ जागांच्या संख्येचा समजूं नये. क्षेत्रावर हक्क सांगणारे तीन पक्ष येथें समोरासमोर उभे आहेत. पहिले तेथें राहणारे हुजुरी व दखनी शीख. यांच्या पूर्वजांनीं कठीण काळीं दिवा राखला. दुसरे पंजाबांतील व परदेशांतील भाविक. क्षेत्राचें आजचें उत्पन्न मुख्यतः यांच्या देणगीवर चालतें आणि पंथाच्या एकीची काळजीही हेच वाहतात. तिसरें सरकार, सार्वजनिक पैशाचा अपहार होऊं नये, यात्रेच्या गर्दींत रोगराई व अपघात होऊं नयेत, हें पाहणें त्याचें कर्तव्य आहे. आपल्याकडे पंढरपुरास असाच प्रश्न आला होता. तेथें बडवे व उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांविरुद्ध भाविकांच्या तक्रारी फार वाढल्या, १९७३ मध्यें मंदिराचा कायदा झाला, आणि २०१४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ते हक्क कायमचे संपले. परंतु पंढरपूरचें औषध नांदेडास देण्यापूर्वीं दोघांचा रोग एकच आहे काय, हें पाहिलें पाहिजे. नांदेडास मोडून काढावयास वंशपरंपरेचा हक्कच नाहीं. तेथें दोष असलाच तर तो कारभाराचा आहे, आणि कारभाराच्या दोषावर उपाय चोख हिशेब हा होय; कारभारी बदलून स्वतः कारभारी होणें हा नव्हे.

निगेच्या नांवाखालीं होणाऱ्या दुसऱ्या एका हानीकडेही लक्ष वेधणें अवश्य आहे. २००८ मध्यें ग्रंथास गुरुपद मिळाल्यास तीनशें वर्षें झालीं. त्या सोहळ्यासाठीं राज्य व केंद्र सरकारांनीं नांदेडास मोठा खर्च केला. रस्ते रुंद झाले, पूल झाले, विमानतळ सुधारला, यात्रेकरूंसाठीं निवासस्थानें उभीं राहिलीं. गांवाचा त्यांत निःसंशय लाभ झाला. परंतु मंदिराभोंवतालचें आवार मोकळें करतांना जुनी दाट वस्ती हालली आणि जुन्या बांधकामाचा पुष्कळ भाग जाऊन त्या जागीं संगमरवर आला. भाविकाचा हात उदार असतो. त्यास जुन्या चुनेगच्चीपेक्षां नवें शुभ्र पटांगण अर्पण करणें अधिक पुण्याचें वाटतें. हा मोह एकट्या शिखांचाच आहे असें नाहीं. आपल्या कोणत्याही क्षेत्रीं जाऊन पाहावें, जुन्या दगडी ओवऱ्यांवर फरशी आणि तैलरंग यांचे थर चढलेले आढळतील. वास्तु झिजली तर ती दुरुस्त होऊं शकते. पाडली तर तिचा पुरावाही जातो.

यासाठीं नांदेडच्या कारभाऱ्यांनीं, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, दोन-तीन कामें हातीं घ्यावींत असें सुचवावेंसें वाटतें. गोदाकांठचे नगीनाघाट, बंदाघाट, हिराघाट, शिकारघाट, तसेंच संगतसाहेब व मालटेकडी हीं सर्व स्थळें एकाच कथेचे दुवे आहेत. हिराघाटाची आख्यायिका अशी कीं, बादशहानें नजर केलेला हिरा गुरूंनीं नदींत फेंकून दिला. ज्या क्षेत्रांत अशी कथा सांगितली जाते, तेथें झगमगाटाहून साधेपणाचें मोल अधिक असावें. या स्थळांवरील जुन्या बांधकामाची नोंद व मोजमापें घेऊन ठेवावींत. क्षेत्रासंबंधींचे जुने कागद फारसींत असोत, गुरुमुखींत असोत कीं मोडींत, ते एकत्र करून त्यांच्या नकला मराठींत प्रसिद्ध कराव्यात. म्हणजे मराठवाड्यांतील अभ्यासकांसही त्यांत हात घालतां येईल. आणि दखनी शिखांच्या वृद्धांच्या तोंडीं असलेल्या आठवणी ते हयात आहेत तोंवर लिहून घ्याव्यात. सोन्याचा पत्रा पुन्हां चढवितां येतो, आठवण पुन्हां चढवितां येत नाहीं.

सरकारनें हिशेब तपासावा, तो जाहीर करवावा, गर्दीची आणि आरोग्याची व्यवस्था पाहावी. २०२० मध्यें टाळेबंदींत पंजाबचे हजारों यात्रेकरू नांदेडास अडकून पडले, तेव्हां लंगरानें त्यांस जेवूं घातलें परंतु त्यांस घरीं पोहोंचविणें सरकारांस एकत्र येऊनच साधलें, यावरून दोघांची कामें कोठें संपतात व कोठें सुरू होतात हें दिसून येतें. पंजाबच्या भाविकांनीं द्यावें आणि दिल्यावर हुजुरी रीतीचा मान राखावा. हुजुरींनीं रीत सांभाळावी, परंतु प्रत्येक पैशाचा जबाब देण्यास तयार असावें. आणि आपण मराठी लोकांनीं हें क्षेत्र परक्यांचें म्हणून वळसा घालून जाऊं नये. परळीस वैजनाथास व औंढ्यास नागनाथास जाणारे पुष्कळ कुटुंबवत्सल यात्रेकरू नांदेडच्या जवळून परत फिरतात. त्यांनीं एक दिवस अधिक काढावा, डोकीस रुमाल बांधून हुजूरसाहेबांत जावें, पंक्तीस बसावें, आणि जेवण झाल्यावर चार भांडीं घासण्यास हात लावावा. तेथें कोणी जात विचारणार नाहीं, गांव विचारणार नाहीं. आणि संतोखसिंगास मिळालेली आज्ञा म्हणजे काय, हें ग्रंथ वाचून जें कळत नाहीं तें त्या हातांस कळेल.